मार्तंडची घाई

"घाई कायची आहे गा?"

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत मार्तंडचं सायकलचं दुकान. गिऱ्हाईक कितीही उतावीळ असो, तो एवढंच बोलायचा आणि चाकाचा आऊट काढत बसायचा. चाक फिरवायचं, कुठे डुलतं ते पाहायचं, तिथला स्पोक जरासा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. दिवसाकाठी बोलणं तेवढंच. घरी बायकोशी, सुमतीशी, त्याहूनही कमी.

मंगळवारी सकाळी सुमती चहा घेऊन दुकानात गेली, तर मार्तंड गात होता. तीन सायकली खोलून पडलेल्या, चौथीला हात घातलेला. "सुमे, बस इथं," म्हणाला आणि काळ्या बोटांनी तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा खोवला. एकोणतीस वर्षांच्या संसारात गजरा दुसऱ्यांदा आला होता.

पहिल्याला चार वर्षं झाली. तेव्हाही असंच. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही, तोंडाला खळ नाही. सुमतीला वाटलं, नशीब उघडलं. आठ दिवस ती त्या सुखात राहिली. नवव्या दिवशी मार्तंड सायकलचा कारखाना काढायला दूरच्या बुटीबोरीकडे पायीच निघाला. सापडला तेव्हा तळपाय सोलून निघाले होते, आणि तो हसत होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही खुशी आजाराची आहे. पुन्हा झोप उडाली, माणूस नेहमीचा वाटला नाही, तर थांबू नका. तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही."

खरंच कोणाला कळत नव्हतं. शेजारच्या कुसुमताई ओट्यावरून ओरडल्या, "भाऊजी किती खुश दिसून राहिले वं! नाही तं तोंडावर माशी बसली तरी हलत नाहीत. तुले काहून पाहवत नाही?"

"झोपत नाहीत, ताई."

"तूच झोपू देत नसशील!"

सुमतीही हसली. हात गजऱ्याकडे गेला. आजचा दिवस राहू दे, तिनं मनाशी म्हटलं.

बुधवारही तिनं राहू दिला. त्या दिवशी तो तिच्या कुहीच्या माहेराबद्दल बोलला. लग्नानंतर धानाच्या बांधीतल्या चिखलात ती घसरून पडली होती. साडीचा रंगसुद्धा त्याला आठवत होता. इतकी वर्षं हे त्यानं कुठे ठेवलं होतं, कोण जाणे.

गुरुवारी एक गिऱ्हाईक करवादलं, "मार्तंडभाऊ, लवकर करा ना!"

सुमती कान देऊन उभी राहिली. नेहमीचं उत्तर आलं नाही.

"हे घे, झालं!" मार्तंडनं चाक फिरवून दाखवलं. चाक उघड उघड डुलत होतं. सुमतीला दिसलं. त्याला दिसलं नाही.

तिनं दुकानाचं शटर ओढलं. "चला, डॉक्टरीणबाईकडे जाऊ."

"मले काय झालं? मी तं आत्ता कुठं बरा झालो! तुले असा नाही आवडत का?"

"आवडता. म्हणून तं दोन दिवस उशीर केला."

 त्यानं टाळी वाजवली. "चल! डॉक्टरीणबाईलेही कारखान्यात घेऊ!"

डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतल्यावर वॉर्डाच्या दारापाशी नत्थू नावाचा कर्मचारी त्याला न्यायला आला. बरा होऊन येईल तो पुन्हा पहिल्यासारखा मुका मार्तंड असेल, 'सुमे' म्हणणार नाही, हे सुमतीला ठाऊक होतं. मार्तंड नत्थूच्या चार पावलं पुढे, हात उडवत, बोलत निघाला. वळून पाहायला त्याला सवड नव्हती.

सुकलेला गजरा केसांत तसाच ठेवून सुमती जाळीच्या दारामागून पाहत राहिली. लांबलचक पडवीत तो लहान लहान होत गेला.