आश्विनातल्या मुंबईस नेऊ नये असे सामान

वाशिमच्या फलाटावर माझी ट्रंक काट्यावर चढली, तेव्हा सामानबाबूने काट्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

"अर्जनवीस, बिऱ्हाड हलवून राह्यले का?"

"बिऱ्हाड नव्हे. मुराळी म्हणून मुंबईस निघालो आहे."

"मंग पोरगी आनाले चालले का पोचवाले? एवढं तं कोनी आंदनात बी देत नाही."

सासरी असलेल्या लेकीला सणासाठी माहेरी आणावयास जो जातो तो मुराळी. आमची चंद्रभागा लग्न होऊन मुंबईस गेली त्याला तीन दिवाळ्या झाल्या आणि तिन्ही दिवाळ्यांना ती आली नाही. माझा जन्म कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात गेला. लोकांना हाकिमापुढे उभे करणारा माणूस स्वतःच्या लेकीसाठी लेखणी आखडती घेईल, हे संभवत नाही. ईनबाईंना (विहीणबाईंना) मी मुद्देसूद, कलमवार पत्रे धाडली. उत्तर एकदाच आले, तेही जावयाच्या अक्षरात आणि एका ओळीत: "आई म्हणते, या, मग पाहू." या वाक्यात आश्वासन नाही, नकारही नाही. असा मजकूर माझ्यापुढे कोणी पक्षकार घेऊन आला असता, तर मी त्याला घरी परत पाठविले असते. येथे पक्षकार मीच होतो, म्हणून निघालो.

सामान काय न्यावे, याबद्दल सल्ला देणाऱ्यांची वाशिमात टंचाई नाही. आमच्या आळीतले निवृत्त मास्तर एकदा पौषात मुंबईस जाऊन आले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी निकाल दिला की शरद ऋतू म्हणजे थंडीची नांदी, आणि मुंबईस समुद्र असल्यामुळे ती दुप्पट. आमच्याकडे दसऱ्यानंतर पहाटे अंगावर काही घ्यावे लागतेच, म्हणून मलाही ते पटले. सबब ट्रंकेत लोकरीची बंडी आणि कानटोपी गेली व वळकटीत रजई. धोतरांना कुटुंबाने अशी कांजी चढविली होती की ती कोपऱ्यात आपल्या बळावर उभी राहिली असती. फेटा लाल, नुकताच रंगविलेला. शिवाय माझे लेखनसाहित्य होते: शाईची बाटली, टीपकागद, तिकिटे आणि डिंक लावलेले लखोटे. प्रवासात अन्याय कोठे गाठील याचा नेम नसतो.

याहून अवजड वस्तू होती ती डबा. आमच्याकडे रीत अशी की लेकीच्या पदरी मूल येईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्न घ्यावयाचे नाही, पाणीही घ्यावयाचे नाही. त्यामुळे मुराळ्याला आपली शिदोरी बरोबर न्यावी लागते. कुटुंबाने दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू आणि पापड भरून त्या डब्याचे झाकण गुडघा टेकवून लावले व डबा ट्रंकेच्या तळाशी बसविला.

"पाणी कोठून प्यावे, ते सांग," मी म्हणालो.

"अवो, सरकारी नळाचं प्या. तो का चंद्रीच्या सासूचा आहे?"

कायद्याचा मुद्दा बिनतोड होता. या बाईने माझ्याबरोबर संसार केला तो वाया गेला नाही.

"तूही का येत नाहीस?" मी रीतीपुरते विचारले.

"मी कशी येऊ? तुमी जिन्यात बसून खासान. मी बाई मानूस कोठं बसू?"

छोट्या गाडीने अकोला आणि तेथून मोठ्या गाडीने पुढे, इथपर्यंत तक्रारीस जागा नव्हती. घाट उतरल्यावर मात्र हवेने आपला पक्ष बदलला. कोणी ओले पांघरूण अंगावर टाकून वरून दाबून धरावे, तसे वाटू लागले. समोरच्या बाकावर अकोल्याचे एक कापडव्यापारी होते. बंडीची बटणे गळ्यापर्यंत लावून बसलेल्या माझ्याकडे ते बराच वेळ करुणेने पाहत होते.

"काका, ते काढा. नाही तं मुंबई येईस्तोर शिजसान."

"सार्वजनिक डब्यात वस्त्रे उतरविणे मला प्रशस्त वाटत नाही."

"डब्यात शिजनं प्रशस्त आहे का?"

मी बंडी काढली. त्यांनी टाळी दिली नाही, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

चंद्रभागेची चाळ भायखळ्याच्या भाजीबाजारामागे आहे. जावयाचा तेथे भाजीचा गाळा. व्याही हयात नाहीत आणि घराचा कारभार ईनबाईंकडे. त्या मूळच्या आमच्याकडच्याच रिसोडच्या. मुंबईत आल्यापासून बोलणे सुधारले आहे, परंतु संतापल्या किंवा घाबरल्या की रिसोड आपोआप बाहेर पडते. दार उघडताच त्या किंचाळल्या.

"अवो माय! इवाई, डोकं कोनं फोडलं?"

इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी. फेट्याचा रंग घामाबरोबर कपाळावरून नाकापर्यंत ओघळला होता. मी खुलासा केला. ईनबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि तो दुःखाने लावला नव्हता. आतून चंद्री आली. पोर वाळली होती, पण मला पाहून तिचे डोळे तिच्या आईसारखे चमकले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडले. तिने तो परत नेला. ईनबाईंचे हसू तेथेच मावळले.

त्यानंतरचे दिवस मी दमट हवेच्या कैदेत काढले. कांजीची धोतरे मांडीला चिकटून आंबूस वास देऊ लागली. वहाणांवर हिरवी बुरशी आली. मीठ पाझरले, काड्यापेटीची काडी पेटेना. रजई न वापरताच ओली झाली. याविरुद्ध कोठे दाद मागावी, हा प्रश्नच होता, तरी अकोल्याहून येताना वळकटीचा पट्टा तोडणाऱ्या हमालाविषयी निदान स्टेशनमास्तरास लिहावे म्हणून बसलो. शाई कागदावर पसरून प्रत्येक अक्षराला मिशा फुटल्या. लखोटे काढले, तर ते सर्वच्या सर्व आतून रिकामे आणि बाहेरून घट्ट बंद! तिकिटे एकमेकांना अशी बिलगली होती की सोडवू जाता फाटली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात रागाला कागदावरच वाट दिली, त्याच्या हातचे हत्यार या शहराने हवेनेच काढून घेतले.

डब्याची कथा निराळी नव्हती. मी दोन्ही वेळा जिन्याच्या पायरीवर बसून जेवत असे व खाली रस्त्यावरच्या नळावर पाणी पीत असे. चाळीच्या मोरीतला नळही सामाईक आहे, असे जावयाने सुचविले, पण सामाईक मालकीत त्यांचाही हिस्सा येतो, हे मी त्यांना समजावून दिले. ते समजून गाळ्यावर निघून गेले. जिन्यावरून जाणाऱ्या बाया थबकत.

"चंद्रीचे वडील ना? आत नाही जेवत?"

"आमच्याकडची रीत आहे."

"अच्छा, म्हणजे अजून..." असे म्हणून त्या वर जात आणि वरच्या मजल्यावर काही कुजबुज होई. रीत पाळणाऱ्या माणसाविषयी लोकांत आदर असतोच, असे मी समजत होतो.

मग पापड कातड्यासारखे झाले आणि दशम्यांना तार सुटली. लाडूंवर निळसर केस उगवले, तेव्हा सारा डबा केराच्या टोपलीत रिता करावा लागला. खानावळीत गेलो, तर पायरीवरच मासळीचा वास आला आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेने मला मागे ओढले. राहता राहिली केळी. तीही जावयाचा गाळा टाळून पलीकडच्या गाळ्यावरून घेतली.

त्याच संध्याकाळी मी ईनबाईंपुढे मूळ विषय काढला. त्या वाल सोलीत होत्या.

"चंद्रभागेस उद्या न्यावे म्हणतो."

"नेता कायले? आमच्या घरचं पानी तुमाले चालत नाही. मंग आमची सून तुमच्या घरी कशी चालन?"

"ईनबाई, यात तुमचा अवमान नाही. ही रूढी आहे आणि रूढीस कायद्यासारखाच मान आहे. कोर्टदेखील..."

"ते वाशिमच्या कचेरीत सांगा. इथं हाकीम मी आहो." एक वाल निसटून माझ्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, पण माझ्याकडे पाहिले नाही. "पोरगी नाही येनार."

मी जिन्यात येऊन बसलो. वरिष्ठ कोर्ट नाही, लखोटा नाही, पोटात दोन केळी. परत वाशिमला एकट्याने उतरावयाचे आणि कुटुंबाला काय सांगावयाचे, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. थोड्या वेळाने चंद्री येऊन खालच्या पायरीवर बसली.

"बाबा, तुमी कितीक दिवस असे जिन्यात बसनार?"

"तुझ्या सासूला न्याय कळेपर्यंत."

"सासू वाईट नाही. मागल्या पावसाळ्यात दिवस राह्यलते अन् माझं पोट पडलं, तवा तिनं मले हातानं जेवू घातलं."

हे मला ठाऊक नव्हते. तिने पत्रात लिहिले नव्हते, कारण तिची खुशालीची पत्रे जावई लिहीत आणि ती मी सर्वांदेखत मोठ्याने वाचीत असे.

"तवापासून चाळीत मले कोनी काही विचारत नव्हतं. तिनंच साऱ्यायचं तोंड बंद केलतं. आता तुमी डबा घेऊन जिन्यात बसता. जी येते ती विचारते, काहून आत नाही जेवत? तुमी म्हनता, रीत आहे. मंग ते वर जाऊन सांगते, पोरीले अजून लेकरू नाही." तिचा आवाज चढला नाही. "तुमचा डबा म्हंजे दवंडी झाली, बाबा. रोज दोनदा."

मी युक्तिवाद शोधला. रीतीचा हेतू लेकीच्या घरावर भार पडू नये हा आहे, असे म्हणता आले असते. तिच्या मानासाठीच आम्ही उपाशी राहतो, असेही म्हणता आले असते. मग वरच्या मजल्यावरची कुजबुज आठवली. तिला मी आदर समजत होतो! उभ्या जन्मात मी इतका खोटा साक्षीपुरावा खरा मानला नव्हता, आणि तोही माझ्याच बाजूचा.

मी उठून आत गेलो. ईनबाई अजून वाल सोलीत होत्या.

"पाणी द्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सुनेकडे. स्वतः उठून तांब्या भरला. मी दारात, जिन्यावरून दिसेल असा उभा राहून तो रिता केला.

"एकानं काय होते?" ईनबाई म्हणाल्या आणि दुसरा भरला. "केळ्यायनं घसा सुकला असन."

तोही प्यायलो. मग माझ्यापुढे ताट आले: वालाची उसळ, भात आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी. वरच्या मजल्यावरची एक बाई काही निमित्ताने डोकावली. ईनबाई मोठ्याने म्हणाल्या, "आमचे इवाई आहे. भूक लागली की मागून खाते." मी मान डोलावली आणि आणखी भाकरी मागितली. ती खरोखरच हवी होती, हे येथे नमूद करणे भाग आहे.

"भाऊबीज झाली की परत धाडा," भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या. "अन् ते रजई इथंच ठेवा. मांजर व्यालं आहे आमचं, त्याले होईन."

परतीच्या प्रवासात ट्रंक हलकी होती. घाट चढल्यावर हवा कोरडी झाली, चंद्रीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि "बाबा, आपली हवा," एवढेच म्हणाली. वाशिमला सामानबाबूने ट्रंक एका हाताने उचलून पाहिली.

"सामान कोठं टाकलं, अर्जनवीस?"

"पोरगी आणली," मी म्हणालो.

घरी मायलेकींचे रडणे झाले, हसणे झाले. मग कुटुंबाने डबा उघडला. आत दमट वास आणि झाकणाखाली चिकटलेला एक पापड.

"समदं खाल्लं?"

"समदं फेकलं. चंद्रीच्या घरी जेवलो. पाणीही प्यायलो."

कुटुंबाने झाकण खाली ठेवले. रीत कोणी शिकविली, कोणाच्या आईने पाळली, हे सर्व तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होते. मी खुलासा देण्यास सिद्ध झालो. चंद्री तिच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. कुटुंबाने तिच्या केसांवरून हात फिरविला, तो कितीतरी वेळ तसाच फिरत राहिला.

"तिच्या सासूच्या हातची भाकर कशी होती?"

"रिसोडची."

"हं." तिने डबा बाजूला सारला. "मंग पोचवाले मी बी येते. तीन साल झाले, पोरीचं घर नाही पाहिलं मी. काय काय बांधू?"

आश्विन-कार्तिकात मुंबईस जाणाऱ्यांनी काय न्यावे, हे मी वाचकांस एका वाक्यात सांगू शकेन, आणि मास्तरांचा सल्ला त्यात धरू नये. कुटुंबाला तेच सांगितले: "दोन पातळ लुगडी घे. खायला काही बांधू नकोस."