गुडघेदुखीची गाडी

साखराबाई पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आली तेव्हा तिनं नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. पदर कमरेला खोचला, उजवा गुडघा दोनदा वाकवून दाखवला, मग डावा.

"बगितलं का साहेब? ठणठणीत हायेत दोनी. आता मला सांगा, माझ्या गुडघ्यासाठी गाडी कुणी सोडली?"

गाडी मी सोडली होती. आणि खरं सांगायचं तर त्या गाडीचा मला अभिमान होता.

मी रेणुकादास, मूळचा नांदेडचा. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे स्थानकातल्या खिडकीत बसून गाड्या लावायच्या, भोंग्यावर ओरडायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. निवृत्त होऊन लेकीजवळ लातूरला आलो, तर शहर बसच्या कार्यालयानं बोलावलं. शहराभोवतीच्या बारा गावांना नव्यानं फेऱ्या आखून द्यायच्या होत्या. गाड्या मोजक्या, त्यामुळे प्रत्येक गावाला सकाळची एकच फेरी. ती किती वाजता सोडायची हे गावाला विचारून ठरवा, असा हुकूम होता. मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

करंजवाडी हे गाव औसा रोडवरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत. मी तिथं दुपारी गेलो, पारावर बसलो आणि तक्ता उघडला. पारावर अर्थातच सगळे पुरुष. त्यांचे म्होरके शेषेराव. नऊ एकर बागायत, दोन म्हशी, डोक्यावर कडक टोपी आणि बोलण्यात तेवढाच कडकपणा. चहा त्यांचाच होता, त्यामुळे उत्तरंही त्यांचीच.

"सकाळी लातूरला रोज कोण जातं?" मी विचारलं.

"बाया जातेत की. सतरा-अठरा."

"कामाला?"

शेषेरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "साहेब, आमी जमीनवाले लोक हाव. आमच्या बाया दुसऱ्याच्या दारात कामाला जात न्हाईत. दवाखान्याला जातेत. आमच्या घरचीचं गुडघं दुखतेत. लई वर्सं झाली, इलाज चालू हाय."

मग बाकीच्यांनाही आपापल्या घरची दुखणी आठवली. कुणाच्या बायकोची कंबर, कुणाच्या भावजयीचे डोळे, कुणाच्या आईची शुगर. सतरा बाया, सतरा आजार. एवढं आजारी गाव मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मी मनापासून हळहळलो. 'प्रवासाचे कारण : औषधोपचार' असं लिहिलं, गावाच्या वतीनं शेषेरावांची सही घेतली आणि दवाखान्यात केसपेपर निघायच्या वेळेचा अंदाज घेऊन नऊ चाळीसची फेरी दिली. गाडी थेट दवाखान्याच्या फाटकासमोर थांबेल, अशीही सोय केली.

तीन आठवडे ती गाडी रिकामी धावली. चालक दयानंद रोज येऊन मला टोमणे मारायचा. "साहेब, आज एक बोकड चढायला बगत होतं. पण त्याचं बी गुडघं बरं हाय म्हणलं." शेवटी वरून पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत प्रवासी मिळाले नाहीत तर फेरी बंद आणि गाडी दुसऱ्या गावाला. मी करंजवाडीच्या बायांवर चिडलो होतो. एवढ्या आजारी आहेत आणि औषधाला जात नाहीत म्हणजे काय!

आणि आता त्यांच्यातलीच एक समोर उभी राहून मला गुडघे दाखवत होती.

"करंजवाडीच्या शेषेरावांच्या घरची मी," ती म्हणाली. खुर्ची ओढून बसली आणि मांडीवरच्या पिशवीत हात घातला. वर कोथिंबिरीची जुडी होती. तिच्याखालून तिनं एक लाटणं काढून माझ्या तक्त्यावर ठेवलं. मधोमध झिजून बारीक झालेलं, तेल पिऊन काळं पडलेलं. "ह्यो माझा इलाज. सहा वर्सं चालू हाय."

मग तिनं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा हरिओम क्लाससाठी लातूरला मेसवर जेवायचा. एकदा ती त्याला भेटायला गेली, तर मेसची पोळ्यावाली आली नव्हती आणि पोरं ताटं वाजवत बसली होती. साखराबाईनं हात धुतले आणि दोन तासांत दीडशे पोळ्या लाटल्या. मेसवाल्यानं पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. हरिओम शिकून पुण्याला नोकरीला लागला, तरी ही जातच राहिली. तिचं बघून विठाबाई गेली, मग एकेक करत सतरा जणी झाल्या. लाटणं जिचं तिचं, कारण दुसरीच्या लाटण्यावर हात बसत नाही. जाताना ते भाजीखाली लपवायचं आणि पाराच्या मागच्या बोळातून निघायचं, एवढी पुरुषांची अट. शेषेरावांनी पाहुण्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं आणि गावानं ते उचललं. खरं काय ते गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ठाऊक नसलेला एकमेव शहाणा मी.

"पहाटं एक जीपवाला न्यायचा," ती म्हणाली. "त्यानं आता शाळंची पोरं धरली. आमी फाट्यापतुर चालत जातो, पुढं औशाकडून येणारी गाडी धरतो. पोचाया साडेसहा होतेत. सहाच्या आत तव्यावर पोळी पडली पायजे, पोरांचे क्लास असतेत. मेसवाल्यानं सांगितलंय, हा महिना बगतो, मग दुसरी बाई. आन तुमी गाडी सोडून राहिलात पावणेदहाला!"

मला घाम फुटला. तरी नियंत्रकाची खोड कुठली जायला. "मला तसं सांगण्यात आलं," मी म्हणालो.

"मला इचारलं का?"

नव्हतं विचारलं. एकतीस वर्षं मी गाड्या लावल्या, पण गाडीत बसणाऱ्याला विचारायचं असतं हे मला पासष्टाव्या वर्षी एका पोळ्यावालीनं शिकवलं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी पळवाट शोधतो. म्हणालो, "असं करू. कारण बदलून 'देवदर्शन' लिहू. काकडआरतीला जातो म्हणा. सव्वापाचची फेरी देतो. घरातही तंटा नको."

साखराबाई माझ्याकडं असं बघत राहिली की मी चष्मा पुसायला घेतला.

"देवाचं नाव घातलं की तुमी गाडी आमावास्या-पुनवंलाच सोडचाल. आन सोमवारी मेसवाला इचारील, देव पावला का म्हून. न्हाई साहेब. खोट्यापायी एक गाडी वाया गेली, आता दुसरी न्हाई घालवायची. पोळ्या लाटाया जातो, तेच लिव्हा."

लिहायला माझी ना नव्हती. पण नियम असा की गावाच्या वतीनं ज्याची सही, दुरुस्तीही त्याच्याच सहीनं व्हायची. म्हणजे शेषेरावांच्या. ते तिनं ऐकून घेतलं. मग लाटणं उचलून पिशवीत ठेवलं, या खेपेला कोथिंबिरीच्या वर. "या उद्या पारावर," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुरुस्तीचा कागद घेऊन पारावर बसलो. शेषेरावांनी चहा मागवला, पण कागद वाचून कप बाजूला सारला. "ह्यात काय बदलायचंच न्हाई," ते म्हणाले. तेवढ्यात साखराबाई समोरच्या रस्त्यानं आली आणि पाराची पायरी चढली. लग्न होऊन त्या गावात आल्यापासून पस्तीस वर्षांत ती पायरी तिनं चढली नव्हती. तिथल्या बाया पार लांबून टाळतात.

"हरिओमच्या माय, घरी जा," शेषेराव खालच्या आवाजात म्हणाले.

"जाते. आदी माझं गुडघं बरं झाल्याचं लिवून द्या." तिनं लाटणं काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं. "मी पोळ्या लाटाया जाते. चोरी न्हाई करत, कुणाचं दळण पळवत न्हाई. घरी पस्तीस वर्सं लाटल्या, कुणी ताटातनं मान वर केली न्हाई. तिथं परक्याची चाळीस पोरं इचारतेत, आज काकू आल्या का? तुमाला ज्याची शरम वाटते ना, त्याचा मला लई अभिमान हाय. आता दुखणं सांगून जायाची न्हाई मी."

पारामागच्या बोळाच्या तोंडाशी बाया जमल्या होत्या. विठाबाई पुढं आली. सत्तरीला टेकलेली, सगळ्यात थोरली. "माझ्या डोळ्यांत रोज थेंब घालतेत म्हणं! मला अजून सुईत दोरा ओवता येतोय," म्हणत तिनंही पिशवीतून लाटणं काढलं. मग तिसरी, चौथी. मी मोजली, नऊ लाटणी वर आली. उरलेल्या आठ जणी मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांना मी दोष देणार नाही, त्यांना त्याच घरी परतायचं होतं.

शेषेराव उठले. टोपी सारखी केली. "मी सही करणार न्हाई. मेलो तरी न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. मी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढचं मला दयानंदकडून रोज कळत गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नऊ जणींनी मागचा बोळ सोडला. पहाटे चारला गावाच्या मधल्या रस्त्यानं, पारावरून, लाटणं हातात उघडं धरून फाट्यापर्यंत चार किलोमीटर. पारापाशी शेकोटीला बसलेले पुरुष पहिल्या दिवशी खाकरले, दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेरा मारला. साखराबाईनं तिथंच थांबून त्याला विचारलं, "तुझा पोरगा लातूरला कुणाच्या हातचं खातोय रं?" तो पोरगा तिच्याच मेसवर जेवत होता. तिसऱ्या दिवशी शेरे थांबले.

चौथ्या दिवसापासून त्या नऊ जणींच्या मागं वीस पावलांवर एक माणूस चालायला लागला. हातात काठी आणि बॅटरी. उसाच्या रानाकडं कुत्री मोकाट होती, एका बाईच्या अंगावर आली होती. माणूस कुणाशी बोलत नसे. बाया फाट्यावर गाडीत चढल्या की तसाच मागं फिरून गावाकडं चालू लागे. साखराबाईनंही मागं वळून पाहिलं नाही. पाच दिवस असं चाललं आणि सतराच्या सतरा बाया त्या रस्त्यावर आल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी कार्यालयात खिन्न बसलो होतो. नऊ चाळीसची रिकामी फेरी आज बंद व्हायची होती. सव्वादहाला दयानंद आत आला, त्याला हसू आवरत नव्हतं. "साहेब, नऊ चाळीसला प्रवासी मिळाला!"

त्याच्या मागून शेषेराव आले. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल तोलत. खुर्चीवर टेकताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाच दिवस रोज आठ किलोमीटर चाललो. ह्या वयात. गुडघं गेलं माझं." त्यांनी गुडघा चोळला. "ती सहा वर्सं पहाटं उठून राहिली, कधी हाय हुय म्हणली न्हाई. आन मी गावाला तिचं गुडघं दुखतेत म्हून सांगतोय. कागद काढा."

मी कागद काढला. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. "नोकरी लिहू का? बरं दिसेल."

"तिनं जे म्हणलंय तेच लिव्हा."

मी लिहिलं, 'मेसमध्ये पोळ्या लाटणे'. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. उठताना मला विचारलं, "दवाखाना कुठंशी हाय हो?" त्या गाडीनं दवाखान्याला गेलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

सव्वापाचची फेरी सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच मी मुद्दाम दयानंदबरोबर गाडीतून गेलो आणि करंजवाडीतच मुक्काम केला. पहाटे पाच वाजता पारासमोर गाडी लागली. सतरा जणी चढल्या. साखराबाई खिडकीशी बसली. पारावर शेकोटीपाशी निम्मं गाव जमलं होतं. दयानंदनं गाडी सुरू केली, तेवढ्यात मागून हाक आली.

"थांबव रं! थांबव!"

शेषेराव लंगडत धावत येत होते. मधल्या रस्त्यानं, पारासमोरून, शेकोटीच्या उजेडातून. हातात लाटणं होतं आणि हात सगळ्यांना दिसेल असा वर केलेला होता. खिडकीपाशी येऊन त्यांनी धापा टाकत ते आत दिलं. "ओट्यावर राहिलं व्हतं की गं तुझं!"

"हाव का? बरं झालं आणलंत," साखराबाई म्हणाली आणि लाटणं मांडीवर घेतलं.

गाडी निघाली. फाटा ओलांडला तरी ती खिडकीतून मागं बघत होती. मी मागच्या बाकावरून वाकून म्हणालो, "पहिल्याच दिवशी विसरलात होय?"

"सहा वर्सांत एक दिस बी इसरले न्हाई मी, साहेब," ती म्हणाली. "आज ठिवून आले."