थ्रेलगार्थांचा गडगा

जगात आज थ्रेलगार्थ आडनावाची चौसष्ट माणसं जिवंत आहेत. हा आकडा मला माहीत असायचं काहीएक कारण नाही. मी सिरिल, स्कॉरडेलच्या चर्चचा कारभारी. गवत कापायचं, घंटेची दोरी बदलायची आणि मेलेल्यांच्या वह्या सांभाळायच्या, एवढंच माझं काम. पण ऑड्री थ्रेलगार्थ माझ्या समोरच्या घरात राहते, आणि तिच्यासमोर राहणाऱ्याला हा आकडा चुकवता येत नाही. पृथ्वीच्या पाठीवर कुठे एखादं थ्रेलगार्थ जन्मलं की ती रस्ता ओलांडून येते, दारात उभी राहून आकडा सांगते आणि जाते. कोणी मेलं की परत येते. मी दाढी करत असलो तरी येते.

चौतीस वर्षं तिने या दरीत पायी टपाल वाटलं. लग्न केलं नाही. एकदा तिच्या पिशवीत एक पाकीट आलं, त्यावर पत्ता एवढाच: 'कोणीही थ्रेलगार्थ, स्कॉरडेल'. टास्मानियातून आलेलं. ते तिने स्वतःलाच वाटलं आणि तिथून आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला. बुटांच्या खोक्यांत कार्डं साठू लागली. पुढच्या खोलीतला आरसा उतरला आणि तिथे नकाशा लागला, टाचण्यांसकट. १८८१च्या शिरगणतीत हे नाव अठ्ठावन्न जणांचं होतं, त्यांतले चव्वेचाळीस या एका दरीत. मग गिरण्या आल्या, लढाया आल्या. मुलींनी नाव सोडलं, मुलांनी दरी सोडली. मी सांगतोय त्या वर्षी टास्मानियात एकोणतीस होते, कॅनडात अठरा, बाकीच्या इंग्लंडात पंधरा. आणि स्कॉरडेलमध्ये एक टाचणी. तिचं डोकं लाल होतं, एवढाच काय तो मान.

पत्रं लिहिणाऱ्यांना किल्ला हवा असतो. निदान ढालीवर एखादा सिंह. ऑड्रीचं उत्तर ठरलेलं: 'तुमचे पूर्वज मेंढ्या राखत. त्यांच्या आधीचेही मेंढ्याच राखत. त्याआधीचं मला ठाऊक नाही, पण मेंढ्या होत्या.' कॅनडातल्या एका बाईने तर फोटो, दाखले, सगळं पाठवलं होतं. तिचा आजा पोरका, थ्रेलगार्थांनी वाढवलेला. ऑड्रीने तिला लिहिलं, 'वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही आमच्यातल्या नाही.' आणि कार्ड फाडलं. मी म्हणालो, "एवढं कशाला?" तर म्हणाली, "यादी म्हणजे धर्मशाळा नव्हे, सिरिल."

आता गडग्याचं सांगतो, कारण सगळा वैताग तिथूनच उगवला.

आमच्या चर्चच्या दफनभूमीभोवती दगडांचा गडगा आहे, चुना-माती न लावता रचलेला. त्याचे चौदा वाटे, चौदा शेतांचे. पडला तर ज्याचा वाटा त्याने उभा करायचा. आणि जो वाटा उभा ठेवतो, त्याच्या माणसांनी त्या वाट्याखाली निजायचं. वाटा पडलेला असेल तर तिथे कुदळ लागत नाही, मग मढं कोणाचंही असो. कोणी कधी काय उभं केलं ते गडग्याच्या वहीत लिहितात. ती वही माझ्याकडे. दफनभूमी भरून अकरा वर्षांपूर्वीच बंद झाली. चर्चच्या वरच्या कचेरीने फक्त एका जागेला सूट दिली होती, थ्रेलगार्थांच्या अकरा यार्डांखालच्या. तीही एकदाच उघडायची. मग माती लोटून कायमची बंद. ही जागा ऑड्रीची, हे मेंढ्यांनाही ठाऊक होतं. दर रविवारी ती तिथे जाऊन उभी राहायची, पाहुणे यायच्या आधी गादी बघावी तशी.

त्या हिवाळ्यात चार यार्ड गडगा कोसळला. ऑड्री शहात्तरची, कंबर कामातून गेलेली. "वसंतात बघू," म्हणाली. वसंतात गडगा बघायच्या आधी मर्विन थ्रेलगार्थ आला.

टास्मानियात त्याच्या सफरचंदांच्या बागा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, धिप्पाड, अंगात पातळ जाकीट, हातात चौकोनी डबा. डब्यात त्याचा भाऊ डग, म्हणजे डगची राख. आपल्या लोकांत पुरा, असं डग मरताना म्हणाला होता. बागेत का पुरलं नाही हे मी विचारणार होतो, पण ऑड्रीने चहा ठेवला.

"हे काय, केकवर चीज?" मर्विन बशीकडे बघत म्हणाला. "चुकून आलं का?"

"या घरात चुकून काही येत नाही," ऑड्री म्हणाली. "खा."

त्याने खाल्लं. मग शांतपणे सांगितलं की गडग्याखालच्या जागेबद्दल त्याने वाचलंय. ऑड्री सगळ्या थ्रेलगार्थांना धाडते त्या पत्रकात. तिच्याच कार्डांप्रमाणे तो क्रिस्टोफर थ्रेलगार्थचा वंशज, बापाकडून मुलाकडे, कुठे खंड नाही. १८६९ साली दरी सोडून गेलेला क्रिस्टोफर, शेताचा धनी.

"म्हणजे जागा तुमची, असं म्हणायचंय?" ऑड्री.

"डगची. फार लागत नाही हो त्याला. एवढीशी."

"एकदा उघडली की बंद. एवढीशी असो की घोड्याएवढी."

मी मध्ये पडलो. "दोघांना मिळून—"

"सिरिल! एकतीस वर्षं यांच्याशी टपालाने झटतेय. आता यांच्याबरोबर निजूही?"

मर्विन हसला. ऑड्री हसली नाही. तिला खरंच भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. माणूस मरणाला भीत नसतो इतका आपली जागा दुसऱ्याने घेण्याला भितो. मलाही वैताग आला. दोन म्हातारी, चार फूट माती, आणि बाहेर सबंध डोंगर मोकळा पडलेला.

"गडग्याची वही असते म्हणे," मर्विन म्हणाला. "क्रिस्टोफरचं नाव असेल तीत. बघता येईल?"

"काही गरज नाही," ऑड्री ताडकन म्हणाली.

पण वही सगळ्यांची असते. मी रस्ता ओलांडून गेलो आणि घेऊन आलो. जुनं पान उघडून मीच वाचलं. १८६८, थ्रेलगार्थ वाटा, उभा, क्रिस्टोफर थ्रेलगार्थ. १८६९, पडला. १८७०, पडलेला. १८७१, उभा केला, अब्राहम बिन्स, थ्रेलगार्थ शेताचा गडी. पुढे तीन वर्षं बिन्स. १८७५ला तोच अब्राहम, तोच वाटा, पण आडनाव थ्रेलगार्थ. मी दोनदा वाचलं. अब्राहम हा ऑड्रीचा पणजोबा. त्याचं थडगं मीच घासतो.

यात आम्हा दरीवाल्यांना नवल नाही. इथे माणसाला शेताच्या नावाने हाक मारतात. मला अजून 'कॅमचा सिरिल' म्हणतात. धनी गेला, गड्याने शेत धरलं, पडलेला वाटा उचलला. लोक त्याला थ्रेलगार्थ म्हणू लागले आणि पाद्र्याने ती हाक वहीत उतरवली. असली चूक दुसरीकडे कोणी करणार नाही. आमच्याकडे ती चूक आहे असंही कोणाला वाटलं नसतं, ऑड्रीने खोकी भरायला घेतली नसती तर.

ऑड्री उठली. सगळ्यात खालचं खोकं काढलं. त्यातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तिच्या अक्षरात सगळं होतं. बिन्स, अब्राहम.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी आकडा एकाने वाढवून सांगतेय."

मला त्या कॅनडावाल्या बाईची आठवण झाली. ऑड्रीलाही झाली असणार, कारण ती नकाशाकडे पाठ करून बसली.

"मग तर जागा डगचीच झाली," मर्विन म्हणाला. मोठ्याने नाही, पण म्हणाला.

"कोणाचीच नाही झाली." ऑड्रीचा आवाज परत आला. "वाटा पडलाय. सिरिल, पडलेल्या वाट्याखाली कुदळ लागते का?"

"नाही लागत."

"ऐकलंत? तुमचे क्रिस्टोफरसाहेब पडका टाकून गेले. आता तुम्ही पडक्यातच भावाला घालणार? आधी उभा करा."

मर्विनला वाटलं दुपारभराचं काम. तीन दिवस लागले. दगड तिथेच होते, पण गडगा म्हणजे दगडांची रास नव्हे. दोन्ही अंगांनी थर चढवत आणायचे, पोटात कपच्या ठासायच्या, मध्येमध्ये एक लांब दगड आरपार घालायचा, तो दोन्ही अंगांना धरून ठेवतो. ऑड्री स्टुलावर बसून काठीने दाखवायची. मी दगड वाहायचो. मला कोणी विचारलं नव्हतं.

"तो नको. तो पलीकडचा. पलीकडचा म्हणजे पलीकडचा, सफरचंदवाले!"

"बसला की हा."

"बसला नाही, टेकलाय. काढ."

दुसऱ्या दिवशी 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. पाऊस आला. मर्विनच्या बोटांतून रक्त आलं. त्याने रुमाल गुंडाळला आणि ऑड्रीने तो सोडवून दुसरा गुंडाळला, कारण पहिला नीट नव्हता. डगचा डबा तिच्या स्टुलाखाली, भिजू नये म्हणून. मला आठवतं, एकदा तिने मर्विनला सोडून डब्यालाच विचारलं, "हा घरीही असाच होता का रे?"

"वाईट," मर्विन वरून म्हणाला. "घरी मी याच्याहून वाईट होतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा थर चढला. गडगा सरळ नव्हता. मर्विनच्या अंगाने तो जरा पोट काढून उभा होता, जेवून उठलेल्या माणसासारखा. पण उभा होता. मर्विन ओल्या गवतात बसला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला.

"आणि क्रिस्टोफर हे असंच टाकून गेला?"

"असंच. निरोपही ठेवला नाही."

"दीडशे वर्षांनी मला झापतेस?"

"त्याला झापायला कुठे जाऊ? तू आलास."

तो उठला, गुडघे धरत. "जागा तुझी, ऑड्री. तुझ्या पणजोबाने हे उचललं नसतं तर मला यायला जागाच नव्हती. डगला मी परत नेतो. आई-बाबांशेजारी राहील. तेही आपलेच लोक." आणि वाकून स्टुलाखालचा डबा घ्यायला हात घातला.

ऑड्रीने काठी आडवी धरली.

मी तिला पन्नास वर्षं ओळखतो. बर्फात, पुरात, कुत्रा चावलेल्या पायाने टपाल वाटताना बघितलंय. पण एवढी चिडलेली कधी बघितली नव्हती.

"परत नेतो? अर्धी पृथ्वी ओलांडून आणायचं, दारात ठेवायचं आणि परत न्यायचं? चौतीस वर्षांत मी एकही पार्सल न वाटता परत पाठवलेलं नाही. पत्ता पुसलेला असला तरी. माणूस मेलेला असला तरी. आज सुरू करू?"

"मग काय करू म्हणतेस?"

"कचेरी म्हणते एकदाच उघडायची. मग एकदाच उघडू." ती माझ्याकडे वळली. "मी जाईन तेव्हा. मला आणि डगला, एकाच दिवशी. चालतं का, सिरिल?"

मी डोक्यात नियम चाळले. नियमात किती माणसं ते नव्हतं, किती वेळा एवढंच होतं. चालतं, म्हणालो.

"तोवर?" मर्विनने विचारलं.

"तोवर राहील माझ्याकडे. जागा आहे."

संध्याकाळी मी वही उघडली. थ्रेलगार्थ वाटा, उभा केला. नावं काय घालायची ते विचारायला समोर गेलो. "मर्विन थ्रेलगार्थ," ती म्हणाली. मग, "आणि ऑड्री बिन्स, थ्रेलगार्थ." मी तसंच लिहिलं. मर्विन दुसऱ्या दिवशी गेला. जाताना तिने त्याला केक बांधून दिला, चीजसकट.

आठवड्याने सकाळी दार वाजलं. मी दाढी करत होतो.

"चौसष्ट," ऑड्री म्हणाली.

"कोण जन्मलं?"

"कोणी नाही. कॅनडातली ती बाई परत घातली. माफीचं पत्रही टाकलं." आणि मी काही बोलायच्या आत, "मीही आहेच यादीत. मला काढायचं असेल तर माझ्या आधी ते नाव उतरवणाऱ्या पाद्र्याला काढावं लागेल."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. जेवढे गेले तेवढे जन्मले, आकडा परत चौसष्टवरच. मर्विनने रचलेलं पोट दर हिवाळ्यात थोडं पुढे येतं. ऑड्री ब्याऐंशीची आहे. स्टूल घेऊन जाते, काठीने कपच्या ठोकते आणि टास्मानियाच्या दिशेने शिव्या देते. गडगा अजून उभा आहे.

डग नकाशाखाली असतो, खोक्यांच्या रांगेत. खिडकी उघडी असली की तिचा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू येतो. काल म्हणत होती, "कंटाळलास होय? मला काय घाई आहे? तूच आलास लवकर."