चांदीचा हात दिलेलं भांडं

पंचावन्न वर्षांची झाले होते, तरी सातपूरच्या आमच्या कॉलनीत माझ्याइतकी आगाऊ बाई दुसरी नव्हती. हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात कॅन्सर निघाला. औषधांनी अंगातली ताकद पार उतरली. डॉक्टर म्हणाले, "पाण्याला जपा. साधा जंतूही झेपणार नाही त्यांना." मुलाने लगेच फिल्टर आणला. मातीचं भांडं, त्याला आतून-बाहेरून चांदीचा हात दिलेला, खाली तोटीची बादली. बसवायला आलेल्या माणसाने बजावलं, "वहिनी, मऊ फडक्याने नुसतं पुसायचं. घासायचं नाही."

भांडी कशी ठेवायची ते मला आता हा शिकवणार!

महिन्याभरात भांडं काळपट पडलं. चांदी काळी पडली की घासायची, एवढं माहेरीच अंगवळणी पडलेलं. दर सोमवारी निरांजनाबरोबर तेही काथ्या-राखेने घासलं. खालचा विटकरी रंग दिसायला लागला, तशी शेजारणीला बोलावून मिरवलं, "बघा हो, कसं नव्यासारखं!" वर, घरात चांदीचा फिल्टर आहे म्हणून पाणी उकळणंही सोडलं. शहाणी ना मी!

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि ह्यांना जुलाब लागले. सारखे पाणी मागायचे, आणि मी त्याच तोटीखाली पेला धरायची. दवाखान्यात हलवलं. आठ दिवसांत गेले. सगळे म्हणाले, आजारच तसा होता.

नात आता सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. परवा सकाळी ओट्यापाशी बसून मोठ्याने वाचत होती. मला समजावून सांगायची तिला हौस.

"चांदीचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील, आजी. पाण्यात त्यांतून चांदीचे आयन सुटतात. ते जंतूच्या कवचाला चिकटतात, भोकं पाडतात, आत शिरून त्याचा श्वासच कोंडतात. मग तो वाढतच नाही."

"आणि ती चांदी घासून काढली तर?"

"कोण बावळट घासेल?" ती खिदळली. "मग राहिलं काय, नुसतं मडकं! गाळ अडकेल, पण जंतू जिवंत उतरतील."

मीही हसले.

"आजी, आजोबा नेमके कशाने गेले गं?"

"कॅन्सरने."

तिने मान डोलावली. त्या सकाळपर्यंत मीही तेच मानत होते.