एका भोकातले दोन छर्रे

रविवार होता, सुरतच्या पिस्तूल रेंजवर सिलेक्शन होतं, आणि माझा एक छर्रा हरवला... म्हणजे हरवला असं तिथले साहेब म्हणाले. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

नव्वदीतली गोष्ट. मी कॉलेजला, घर सुरतच्याच उधन्यात. खानदेशातून आलेली आमची सगळी गल्लीच लूमवर होती. त्यातली एक पोरगी पिस्तूल शिकते म्हटल्यावर लोक दात काढायचे... "काय गं, दरोडा घालते का आता?"

रेंज म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एअर पिस्तूल, दहा मीटर, एक हात, समोर पुठ्ठ्याचं कार्ड. छर्रे मारायचे आणि चकरी फिरवून कार्ड ओढून घ्यायचं, बस्स. मला ते इतकं आवडायचं की वर्षभर दर रविवारी सायकल हाणत जायचे.

आता तिथला नियम ऐका. मेंबर लोकांच्या मुलांना एका कार्डावर पाच छर्रे. आम्हा कॉलेजवाल्यांना त्याच कार्डावर दहा! का, तर म्हणे कार्डं वाया जातात... अरे वा रे वा! गाड्यांतून येणाऱ्या शेठ लोकांना पुठ्ठा पुरत नव्हता.

दहा छर्रे एकाच कार्डात घातले तर काय होणार? नेम बरा असेल तर भोकावर भोक पडणारच. माझ्या शेवटच्या कार्डावर नेमकं तेच झालं. छर्रे मारले दहा आणि भोकं दिसली नऊ.

रेंजचे सेक्रेटरी साहेब रिंग रोडचे कापडाचे व्यापारी. कार्ड हातात घेऊन म्हणाले, "नव काणां छे, बेन. दसमो क्यां गयो?" मी म्हटलं, सर, मधल्या भोकातून दोन गेलेत, बघा ना, ते लांबट दिसतंय. त्यांनी बघितलंसुद्धा नाही... "बहार गयो. झीरो."

तो छर्रा धरला तर मी पहिली, नाही धरला तर दुसरी. अहमदाबादला राज्याच्या स्पर्धेला एकच मुलगी जाणार होती. मग पहिली कोण, तर एका मेंबरची मुलगी... तिची काही चूक नव्हती, ती बिचारी खाली बघत उभी होती. मागच्या फळीवर शोधावं तर तिथे आधीच हजार भोकं. माझा हात असा थरथरायला लागला की पिस्तूल खाली ठेवून दिलं.

सिलेक्शन म्हणून त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, मुद्दाम सोबत आले होते. दाराबाहेर चपला काढून उभे. चपला काढायची काहीएक गरज नव्हती हो... पण साहेबाच्या दारात त्यांची ती सवयच. आयुष्यात त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलेलं मी बघितलं नव्हतं.

आप्पांचं काम ताके तपासायचं. लूमवरून उतरलेल्या कापडात कुठे धागा तुटलाय, कुठे भोक पडलंय, ते दिवसभर शोधायचं. त्यासाठी खिशात कायम एक छोटं घडीचं भिंग. ते आत आले, कुणाला न विचारता टेबलावरचं माझं कार्ड उचललं आणि भिंग लावून खिडकीशी उभे राहिले.

मग म्हणाले, "साहेब, आ बे छे, दोन आहेत. एक छर्रा असता तर शिशाची काळी कड सगळीकडून सारखी गोल आली असती. इथं खाली दुसरी कड आहे. बघा तुम्हीच." आणि भिंग पुढे केलं.

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लूम पर काम करे छे ने? तो कापड जो, भाई. आ तारुं काम नथी." कापड बघ म्हणे, हे तुझं काम नाही... माझ्या बापाला! वीस वर्षं भोकं शोधण्यात डोळे घातलेल्या माणसाला हा भोक ओळखायला शिकवणार!

पण चार लोक बघत होते. मग साहेब जरा नरमले. म्हणाले, चला, दया म्हणून एक छर्रा परत मारू देतो. जेवढे गुण येतील तेवढे धरू.

मी तर पिस्तूल उचललंच. आठ आले असते तरी पुरले असते... तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं आणि आमच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "नको मारू बेटा. तुना छर्रा तठेज शे." तुझा छर्रा तिथेच आहे... मग त्यांनी साहेबांकडे बघून नुसती मान हलवली. नाही.

"तो पछी झीरो," साहेब म्हणाले. संपलं. अहमदाबादला ती मेंबरची मुलगी गेली.

बाहेर आल्यावर मी आप्पांवर तुटून पडले. मारला असता ना मी! तुम्हाला काय कळतं त्यातलं? वर्षभर घाम गाळला, तुम्ही एका मिनिटात मातीत घातलात... भर रस्त्यात, मोठ्याने. लोक वळून बघत होते.

ते सायकलचं कुलूप काढत होते. म्हणाले, "आनि चुकता ते? मंग पहिलाबी खोटा पडता." दुसरा चुकला असता तर पहिलाही खोटा ठरला असता... एवढंच.

तेव्हा नाही कळलं. रागाने थरथरणाऱ्या हाताने मी तो छर्रा कुठे घातला असता, ते आज मला पक्कं माहीत आहे. आणि मग जन्मभर ते साहेब लोक म्हणत राहिले असते, बघा, सांगितलं नव्हतं!

त्या सेक्रेटरीचा राग गेलेला नाही, आणि जायलाही नको. पण खरी आग होते ती दुसऱ्याच गोष्टीची. निघताना मी त्याला सवयीने "थँक्यू सर" म्हणून आले... आणि त्या शेडमध्ये माझ्या बाजूने बोललेल्या एकुलत्या एक माणसाशी तीन दिवस बोलले नाही.