कॉम्प्युटरचा माठ

कडावच्या दूध डेअरीत कोंडाजींची उभी हयात दुधाचे कॅन थंड ठेवण्यात गेली. पुढे डेअरीत मोठं मशीन आलं आणि कोंडाजी घरी आले. पहाटेची जाग मात्र सुटली नाही. उठून करायचं काय, ते सुचायचं नाही.

मग घरात सून आली, हर्षला. नवरा जगदीश खालापूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि ती घरच्या कॉम्प्युटरवर दहिवलीच्या एका स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ जुळवायची. मोठं काम लावलं की कॉम्प्युटर तासभर आपला आपण चालायचा. तेवढ्यात ती चहा घेऊन ओटीवर यायची. कुठला नवरदेव घोड्यावर चढताना घसरला, कुठली मामी दर फोटोत पुढे घुसते, सगळं रंगवून सांगायची. कोंडाजींचा दिवस खरा त्या चहालाच सुरू व्हायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलात पत्रे तापले, तसा कॉम्प्युटरही तापून मध्येच बंद पडायला लागला. काम निम्म्यावर आलं की पडदा काळा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. स्टुडिओवाला म्हणाला, इथं एसी आहे, रोज इथंच येऊन बसत जा. जेवताना हर्षलानं ते सांगितलं आणि म्हणाली, जावंच लागेल असं दिसतंय. कोंडाजींच्या ओठांवर ‘नको जाऊ’ आलं होतं. ते त्यांनी भाताच्या घासाबरोबर गिळलं. तिचं काम, तिची कमाई. अडवणारे आपण कोण?

सकाळी त्यांनी फक्त विचारलं, नेमकं तापतं काय? तिनं कॉम्प्युटरच्या कुशीचा पत्रा काढून बिस्किटाएवढी चकती दाखवली.

“येवढंसं? आन् त्याला नुसता वारा घालता व्हय? पानी फिरवा की.”

हर्षला हसली नाही. लोक तसं करतात, म्हणाली, आणि मोबाइलवर दाखवलंही. त्या दिवसापासून दोघं कामाला लागली. चकतीवर बसणारा तांब्याचा पोकळ ठोकळा तिनं मागवला. जुन्या कूलरची पाण्याची मोटर, पारदर्शक नळी, भंगारातल्या गाडीची लहानशी रेडिएटरची जाळी आणि तिच्यामागे लावायला पंखा, हे सगळं कोंडाजींनी जमवलं. पाण्यासाठी ती प्लास्टिकचा डबा आणणार होती. कोंडाजी नवा माठच घेऊन आले. डब्यातलं पाणी तापेल, माठ पाझरतो म्हणून गार राहतो, असं त्यांचं म्हणणं.

आधी कॉम्प्युटरला न जोडताच पाणी फिरवून पाहिलं. एक जोड गळला, खाली पसरलेला पेपर भिजला. कोंडाजींनी जोड पुन्हा आवळला. पेपर कोरडा राहिला तेव्हा कुठे ठोकळा चकतीवर बसवला. माठ जमिनीवर, मोटर माठात, पाणी वर ठोकळ्यातून जाऊन जाळीत निवून परत माठात. माठातलं पाणी रोज कमी व्हायचं. ते भरायचं काम मालनबाईकडे, म्हणजे कोंडाजींच्या बायकोकडे आलं. “आता ह्यालाबी पाजायचं,” असं पुटपुटत ती पहिला तांब्या त्यातच ओतायची.

कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. ओटीवरचा चहा पुन्हा सुरू झाला.

आणि एक दिवस, ज्या लग्नाचा व्हिडिओ संध्याकाळी रिसेप्शनला दाखवायचा होता, नेमका त्याच्यावर पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा.  हर्षलानं स्टुडिओत ‘येते’ म्हणून कळवलं आणि पिशवी काढली.

“बाबा, मी हे काम घेऊन दहिवलीला जाते. उद्यापासून तिथंच बसेन.”

 कोंडाजींनी खाली बसून नळीला हात लावला. ठोकळ्यापाशी चटका बसत होता, माठापाशी गारच. मोटर तर घरघरत होती, पण पाणी जागचं हलत नव्हतं. त्यांनी प्लग काढला, मोटर वर उचलली. तिच्या तोंडात तांबूस मुळ्यांचा गुंता अडकला होता. वाळा.

मालनबाई दारात उभी होती.

“मीच टाकला,” ती म्हणाली. “नव्या माठात वाळा नको? पोरीचं मशीन रोज बेचव पानी पितंय, बरं नाय वाटलं मला.”

कोंडाजींनी तोंड उघडलं होतं, पण शब्द फुटायच्या आत हर्षला पिशवी टाकून फरशीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग जुना टूथब्रश आणून तिनं एकेक मूळ ओढून काढलं. कोंडाजींनी नळ्या फुंकून, धुऊन परत जोडल्या. मालनबाईनं माठ विसळून नवं पाणी भरलं, नुसतंच.

पाणी फिरायला लागलं. हर्षलानं काम लावलं. आता पडदा टिकतो का, ते तिघं पाहत राहिली. पडदा टिकला. तेवढ्यात स्टुडिओवाल्याचा फोन आला, निघालीस का म्हणून.

“नाही,” हर्षला म्हणाली, “व्हिडिओ वेळेत पाठवते. आणि मी घरूनच करणार. इथं माझ्या मशीनची फार बडदास्त आहे.”

मालनबाई वाळ्याचा बोळा टाकायला निघाली होती. हर्षलानं तो तिच्या हातातून घेतला, मलमलच्या फडक्यात बांधला, ओला केला आणि जाळीसमोर वाऱ्यावर टांगला. खोलीभर त्याचा वास पसरला.

थोड्या वेळानं ओटीवर तीन कप आले. कोंडाजींनी पहिला घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “मंग, ह्या लग्नात आली का गं कोन मामी पुढं?”