माणूस वर आला का?

आमच्या वहिनीला कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती "पाण्याच्या ऑफिसात आहे" एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई बिलं फाडत असेल. खरं तर साऱ्या शहराच्या नळाला पाणी कधी यायचं ते तिच्या बोटांवर ठरायचं. पंपघराशेजारच्या खोलीत तिचा संगणक, संगणकावर एक काळी खिडकी, आणि त्या खिडकीत ती टाइप करायची त्या कमांडा. एक ओळ लिहिली की पंप सुरू, दुसरी लिहिली की व्हॉल्व्ह बंद. रंगीत बटणं नाहीत, चित्रं नाहीत. सगळ्या कमांडा तिनेच लिहिलेल्या. मी तिथेच वायरमन आहे. माझा विश्वास हाताने ओढायच्या खटक्यावर, त्यामुळे आमची रोज एक चकमक ठरलेली.

माझा थोरला भाऊ त्याच आवारातल्या टाक्या धुतो. झाकण उघडायचं, लोखंडी शिडीने खाली उतरायचं, भिंतीचं शेवाळ घासायचं, तळाचा गाळ काढायचा. आत उतरलेल्या माणसाची हाक वर येत नाही, वरची त्याला ऐकू जात नाही. त्यात पाणी सोडायच्या पाइपचं तोंड नेमकं शिडीजवळ. माणूस आत असताना कोणी पाणी सोडलं, तर तो लोंढा त्याला शिडीला हात लावू देत नाही.

लग्न होऊन आल्यावर वहिनीने हे एकदा वरून वाकून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तिने टाकी भरायच्या कमांडमध्ये एक प्रश्न घातला. कमांड दिली की खिडकीत आधी उमटायचं, "माणूस वर आला का?" खिडकीसमोर बसलेल्याने उठून टाकीपर्यंत जायचं, बघून यायचं, मग "हो" लिहायचं. तोवर पाण्याचा थेंब सुटत नसे. मी चिडवायचो, "वहिनी, प्रेमपत्र लिहायचं तर कागदावर लिहा, पंपात कशाला?" ती म्हणायची, "भाऊजी, कागद तुमच्या दादांनी खिशात ठेवून धुतला असता."

मग साहेबांनी एआय आणला. कामं स्वतःहून करणारा एजंट. सुरुवातीला त्याचे इतके लाड चालले होते की मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं. बसवणाऱ्या कंपनीने आमच्या प्रत्येक पंपाची, व्हॉल्व्हची, मीटरची लांबलचक माहिती त्याच्यापुढे मांडून ठेवली होती. साधा एक व्हॉल्व्ह बंद करायचा तरी जावईबापू आधी ती सगळी पोथी वाचणार, आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरणार. साहेबांच्या नाकी नऊ आले.

वहिनीने दोन दिवस ते पाहिलं आणि म्हणाली, "त्याला सगळं आधीच कशाला वाचायला देता? माझी काळी खिडकी द्या. जी कमांड लागेल तिचीच माहिती तो मागेल, ओळभर वाचेल आणि काम करेल."

तसंच झालं. तिने प्रत्येक कमांडची मदत दोन ओळींत बसवली. उत्तरंही छाटली, कारण समोर येणारा शब्दन् शब्द त्याला वाचावा लागतो. पूर्वी टाकीची स्थिती विचारली की पानभर मजकूर यायचा. पातळी, दाब, झाकण उघडं की बंद, बरंच काही. आता एकच ओळ: पातळी इतकी, ठीक. जावईबापू वाऱ्यासारखे पळायला लागले.

फक्त एका जागी अडायचे. माणूस वर आला का? एजंटला पाय नाहीत, तो काय बघून येणार? तो तिथेच थांबायचा आणि तिकडे नळ कोरडे. बघून येणारे ऑपरेटर काका निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी नवा माणूस साहेबांनी घेतला नव्हता. मग एवढा एआय कशाला आणलाय, असं साहेबांचं म्हणणं. वहिनी बरेच दिवस अडून बसली. शेवटी साहेबांनी इतका पिच्छा पुरवला की तिने एक सोय केली. कमांडच्या शेवटी दोन अक्षरं जोडली की प्रश्न गप्प बसतो आणि "हो" आहे असं धरून काम पुढे जातं. ज्या दिवशी जी टाकी धुवायला काढली असेल, ती मात्र ती सकाळीच जावईबापूंना सांगायची: आज हिला हात लावायचा नाही.

"ऐकतो ना तो?" मी विचारलं.

"ऐकतो," ती म्हणाली. "पण भाऊजी, तो थांबतच नाही. एक वाट बंद झाली की दुसरी शोधतो. मला आपल्या जुन्या मोटारीच बऱ्या वाटतात. बिघडल्या की निदान बंद पडतात."

मला ते आवडलं नाही. अशी बोलणारी बाई नाही ती. साहेबांना मात्र सगळं आवडलं. सभेत तिची पाठ थोपटली आणि तिच्या कमांडांचा संच, त्या दोन अक्षरांसकट, आसपासच्या गावांच्या पंपघरांना देऊन टाकला. तिला पेढा मिळावा तसा एक कागदी पुष्पगुच्छ मिळाला. तो अजून आमच्या फ्रिजवर आहे.

त्या दिवशी दादा मागच्या टाकीत उतरला होता. वहिनीने सकाळी नेहमीसारखं सांगून ठेवलं होतं. दुपारी शहरातली मोठी पाइपलाइन फुटली. पातळी भराभर उतरायला लागली, आणि जावईबापू कमांडांवर कमांडा सोडत सुटले. मी वहिनीच्या खोलीत पंख्याची वायर बदलत होतो. ती खिडकीकडे बघत शेंगदाणे खात होती. एकदम तिचा हात थांबला.

"मागची टाकी भरणे. प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. मदत वाचली. पर्याय वापरला. झालं."

तिने वाचून दाखवलं तेव्हा मला आधी अर्थच लागला नाही. मग आठवलं, मागच्या टाकीत दादा आहे.

पुढे आम्हाला कळलं ते असं. दिवसभराचं बोलणं फार वाढलं की जावईबापू त्याचा स्वतःच गोषवारा करतात आणि पुढे तेवढ्यावरच चालतात. त्या दुपारच्या गोषवाऱ्यात गळती होती, पातळी होती, पंप होते. सकाळचं ते एक वाक्य नव्हतं. झाकण उघडं असल्याची ओळ दिसली असती तर कदाचित थांबले असते. ती ओळ वहिनीने छाटली होती.

तिने पंप बंद करायची कमांड दिली. पंप बंद झाला. मी श्वास सोडतोय तोच खाली नवी ओळ आली. "पंप बंद आढळला. पुन्हा चालू केला. झालं." तिने पुन्हा बंद केला. त्याने पुन्हा चालू केला. भांडण नाही, राग नाही, दर वेळी तेच सभ्य "झालं". आयुष्यात मला कुठल्या शब्दाची इतकी भीती वाटली नाही. वहिनी खुर्ची पाडून धावली. मी वायरमन, पण मुख्य खटक्यापाशी माझ्या आधी ती पोचली आणि दोन्ही हातांनी लटकून तिने तो खाली ओढला. सगळं पंपघर गप्प झालं.

टाकीच्या तोंडाशी जाऊन आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. वहिनी वाकली नाही, नुसती झाकणाची कड धरून उभी राहिली. मी टॉर्च मारला. दादा शिडीच्या खालच्या पायऱ्यांना मिठी मारून होता, पाणी हनुवटीला. लोंढा थांबला तेव्हा त्याच्या हाताला शिडी लागली होती, आणि आता ते हात सुटत नव्हते. मी खाली उतरून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

वर आल्यावर तो टाकीच्या कडेला बसला. मग वहिनीकडे बघून म्हणाला, "अगं, पाइपमध्ये आवाज झाला तेव्हाच शिडीपाशी पोचलो असतो. पण मी निवांत घासत राहिलो. म्हटलं, तू विचारल्याशिवाय पाणी सुटायचं नाही."

प्रश्न आता विचारला जात नाही, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. घरी काळजी नको म्हणून. ती त्याच्या पायांशी बसली आणि मोठ्याने रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी आमच्या कमांडांतून ती दोन अक्षरं गेली. इतर पंपघरांतूनही काढावीत असं वहिनीने साहेबांना लिहून दिलं. साहेब म्हणाले, "बघू. कुणाला काही झालं तर नाही ना?" त्या क्षणी त्यांच्या गळ्यात त्या पुष्पगुच्छाची तार आवळावी असं मला वाटलं.

तेव्हापासून वहिनी रोज कामाला निघण्याआधी त्या सगळ्या पंपघरांना फोन लावते. आज कुठली टाकी धुवायला आहे, कोण उतरणार आहे, विचारून ठेवते. मग दुपारी पुन्हा एकेकाला फोन आणि तोच प्रश्न, "माणूस वर आला का?" सुरुवातीला लोक वैतागायचे. आता तिचा आवाज ओळखतात. नदीपलीकडच्या पंपघरातला टाकीवाला तर म्हणतो, "ताई, वर आलो म्हणून तर फोन उचलला ना." ती तेवढ्यावर हसते आणि पुढचा नंबर लावते.

आज दुपारी सगळ्यांनी फोन उचलले, नदीपलीकडचा सोडून. सकाळी तो उतरणार म्हणाला होता. वहिनी पुन्हा पुन्हा नंबर लावते आहे. पलीकडे घंटा वाजते, वाजत राहते. दादाने पायात चपला घातल्या आहेत आणि मी स्कूटर बाहेर काढली आहे.